अर्धी टाकी

मनुष्यस्वभावाची एक गंमत आम्हांला नेहमी वाटत आली आहे. जी वस्तू आपल्यापाशी मुबलक असते, तिची मोजदाद आपण हौसेने करतो. आणि जी संपत आलेली असते, तिच्याकडे पाहण्याचे मात्र शिताफीने टाळतो. पगाराच्या पहिल्या तारखेस पैसे दोनदा मोजणारे आम्ही पंचवीस तारखेस पाकीट उघडूनही पाहत नाही. मोटारीतल्या पेट्रोलच्या काट्याविषयीही आमचे वर्तन बरीच वर्षे असेच होते. ते कसे सुटले, हे सांगण्यासाठीच हा लेखनप्रपंच.

आमचे वडील, ज्यांना आम्ही सारे आबा म्हणतो, यांचा स्वभाव याच्या अगदी उलट. त्यांचे बालपण खानापूर तालुक्यातील एका खेड्यात गेले. पावसाळ्यात ओढा भरला, की गावाचा जगाशी संबंध तुटे. रॉकेल आणायचे तर दोन कोस चिखल तुडवावा लागे. त्या दिवसांनी त्यांना एक नियम शिकविला, आणि तो त्यांनी जन्मभर सोडला नाही. माठ अर्धा झाला की रिकामा समजावा. कंदिलातले रॉकेल अर्धे झाले की संपले असे धरावे. पिठाचा डबा अर्धा दिसला की गिरणीची वाट धरावी. आमच्या घरी हा नियम म्हणजे चेष्टेचा एक हक्काचा विषय झाला होता. "आबा, चहा अर्धा झाला, दुसरा कप ठेवू का?" असे आमचा मुलगा विचारी, आणि आबाही हसत.

२०१८ साली आम्ही मोटार घेतली. हल्ली जिला 'कॉम्पॅक्ट एसयूव्ही' म्हणतात, त्या जातीची ती. दिसायला जीपसारखी उंच आणि रुबाबदार. पण लांबी मात्र चार मीटरच्या आतली. ही चार मीटरांची मर्यादा कोठून आली, याचे आम्हांला कुतूहल होते. चौकशी करता कळले, की तिचे मूळ करात आहे. २००६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात लहान गाड्यांवरील उत्पादनशुल्क २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आणले गेले. लहान गाडी कोणती, तर जिची लांबी चार मीटरांहून अधिक नाही आणि जिचे पेट्रोल इंजिन १२०० किंवा डिझेल इंजिन १५०० घनसेंटिमीटरच्या आत आहे ती. पुढे कर बदलले, त्यांची नावेही बदलली; पण ही मोजपट्टी राहिली. २२ सप्टेंबर २०२५ पासून अशा गाड्यांवर १८ टक्के वस्तू व सेवा कर आहे, तोही याच मापाने. रुबाब मोठ्या गाडीचा आणि कर लहान गाडीचा, असा हा मध्यमवर्गीय मेळ आहे. आम्हीही मध्यमवर्गीयच असल्याने तो आमच्या मनास फार भावला.

परंतु चार मीटरांत सारे बसवायचे म्हटले, की कोठेतरी आखडते घ्यावेच लागते. पाच माणसे बसली पाहिजेत, मागे सामान मावले पाहिजे, चाके मोठी हवीत. मग पेट्रोलच्या टाकीस उरते ती मागच्या आसनाखालची जागा. तेथे ती वेडीवाकडी, खोलगट, मिळेल त्या पोकळीत अंग चोरून बसलेली असते. तिच्यात मावते ते सुमारे चाळीस लिटर. मारुती ब्रेझाची टाकी ४८ लिटरची, ह्युंदाई व्हेन्यूची ४५ लिटरची, टाटा नेक्सॉनची ४४ लिटरची, निस्सान मॅग्नाइटची ४० लिटरची; आणि टाटा पंच, मारुती फ्राँक्स यांची तर ३७ लिटरचीच. आमच्या गाडीची ४५ लिटरची आहे. लिटरला पंधरा किलोमीटर धरले, तर एका भरण्यात पावणेसातशे किलोमीटर झाले. बेळगावहून पुण्यास जाऊन परत यावे, एवढे हे अंतर! कागदावरचा हा हिशेब आम्हांला इतका आवडला, की पेट्रोलची चिंता म्हणून काही असते हेच आम्ही विसरलो.

ही चिंता मात्र मोटारीइतकीच जुनी आहे. ऑगस्ट १८८८ मध्ये जर्मनीत बर्था बेंझ या बाई पतीस न सांगता, दोन मुलांना घेऊन, त्याने बनविलेल्या तीनचाकी मोटारीतून मॅनहाइमहून फॉर्झहाइमला माहेरी निघाल्या. अंतर सुमारे शंभर किलोमीटर, आणि गाडीत इंधन राही ते फक्त साडेचार लिटर. पेट्रोल पंप हा शब्दही तेव्हा जन्मास आला नव्हता. वाटेत वीसलोख गावी त्यांनी औषधांच्या दुकानातून लिग्रोइन नावाचे द्रव्य विकत घेतले. ते पेट्रोलसारखेच ज्वालाग्राही असे, आणि लोक ते कपड्यांवरचे डाग काढण्यासाठी नेत. ते औषधांचे दुकान आज जगातला पहिला पेट्रोल पंप म्हणून ओळखले जाते. मोटारीचा पहिला लांबचा प्रवास हा एका मुलीचा माहेरचा प्रवास होता, आणि त्यातही इंधन संपले होते, ही गोष्ट आम्ही मुलांना मोठ्या चवीने सांगत असू. तिच्यातला बोध आपल्यासाठी आहे, असे मात्र आमच्या कधी ध्यानात आले नाही.

पेट्रोल भरण्याचा प्रसंग आम्हांला मनापासून आवडे. पंपावरचा मुलगा आधी यंत्राकडे बोट दाखवून म्हणतो, "सर, झिरो बघा." आपण गंभीरपणे शून्य पाहून मान डोलवायची. मग नळी टाकीच्या तोंडात जाते आणि आकडे पळू लागतात. टाकी भरली, की नळी आपली आपण 'खट्' असा आवाज करून थांबते. ही जादू नव्हे. नळीच्या टोकाशी एक बारीक छिद्र असते. पेट्रोल वाहत असता त्या छिद्रातून हवा ओढली जाते. पेट्रोल वर चढून छिद्र बुडाले, की हवा मिळेनाशी होते, आत ओढ निर्माण होऊन एक पडदा खेचला जातो, आणि झडप मिटते. त्या 'खट्'नंतरही गाडी हलवून, पुन्हापुन्हा नळी दाबून आणखी एक-दोन लिटर कोंबण्याची पुष्कळांना हौस असते. ती चांगली नव्हे. टाकीच्या वरच्या भागात वाफेसाठी जागा मुद्दाम राखलेली असते. ती वाफ कोळशाच्या एका डबीत शोषली जाते. पेट्रोलच त्या डबीत शिरले, की डबी निकामी होते.

काट्याशेजारच्या पंपाच्या चित्रालगत एक इवलासा बाण असतो, तोही आम्ही पाहुण्यांना दाखवीत असू. टाकीचे झाकण गाडीच्या कोणत्या बाजूस आहे, हे तो सांगतो. फोर्ड कंपनीतील जिम मॉयलन यांनी १९८६ साली भर पावसात गाडी पंपाच्या भलत्याच बाजूस उभी केली, भिजून परत आले, आणि लगेच वरिष्ठांना सूचनापत्र लिहिले. त्या पत्रातून हा बाण जन्मला. एक माणूस भिजला आणि जगातील कोट्यवधी माणसे भिजण्यावाचून वाचली! असे हे आमचे ज्ञान. बाणाची कथा आम्हांला पाठ होती. बाणाशेजारचा काटा मात्र आम्ही पाहत नव्हतो.

न पाहण्यास एक कारणही होते. सीमाभागातील माणसाला सीमेचे दुःख ठाऊक असते, तसे तिचे लहानसहान फायदेही ठाऊक असतात. २०१२ साली गोवा सरकारने पेट्रोलवरील मूल्यवर्धित कर जवळजवळ काढूनच टाकला, आणि तेथे पेट्रोल एका रात्रीत लिटरमागे सुमारे अकरा रुपयांनी उतरले. पुढे तो कर पुन्हा चढत गेला. तरी २०२३ मध्येही गोव्यातले पेट्रोल बेळगावपेक्षा चार-पाच रुपयांनी स्वस्त होते. आमची आत्या गोव्यात डिचोलीस दिलेली. तिच्याकडे आमचे वरचेवर जाणे होई. मग आम्ही असा परिपाठ ठेवला, की गोव्यास जाण्याच्या आधी आठवडाभर बेळगावात पेट्रोल भरायचे नाही. टाकी होईल तितकी रिकामी न्यायची, साखळीच्या पंपावर काठोकाठ भरायची, आणि दोनशे रुपये वाचविल्याच्या समाधानात आत्याच्या हातची मासळीची आमटी जेवायची. आबा मागच्या आसनावरून काट्याकडे पाहत आणि म्हणत, "अर्ध्याच्या खाली आहे रे." आम्ही म्हणत असू, "आबा, गाडी स्वतः सांगते किती किलोमीटर जाईल ते. काळजी नको."

जुलै २०२३ मधल्या एका दुपारी चार वाजता डिचोलीहून आतेभावाचा फोन आला. आत्याचे हृदय कित्येक महिने दुबळे झाले होते. डॉक्टरांनी करण्यासारखे काही उरले नाही म्हणून तिला घरी पाठविले होते. "आई मामांना बोलवते आहे," तो म्हणाला, "आजच या." आबा तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. आत्या त्यांची पाठची, एकुलती बहीण. साडेचार वाजता आबा, आमच्या सौभाग्यवती, मुलगा आणि आम्ही असे चौघे निघालो.

पडद्यावर आकडा होता १२५. डिचोली पंचाऐंशी किलोमीटरच्या आसपास. गावातून बाहेर पडताना पंप लागला. आबा म्हणाले, "थोडे घालून घेऊ या." आम्ही घड्याळाकडे पाहिले आणि म्हणालो, "पाच-दहा मिनिटे जातील, आबा. साखळीला भरू." आम्ही घड्याळाचे नाव पुढे केले, पण मनात दोनशे रुपयेही होते. आज हे लिहिताना ते लपवावेसे वाटत नाही.

जांबोटी मागे पडली आणि पावसाने धार धरली. कणकुंबीच्या अलीकडे रस्त्यात एक प्रचंड झाड आडवे झाले होते. दोन्हीकडे वाहनांच्या रांगा. आम्ही इंजिन बंद केले. पण काचांवर वाफ धरू लागली, आबांना कोंदटल्यासारखे होऊ लागले, म्हणून पुन्हा सुरू करून वातानुकूलन लावले. झाड तोडून बाजूस होईतो पावणेआठ वाजले. तोवर काट्याशेजारी पिवळा दिवा लागला होता. रांग हलली, ओल्या, वळणावळणाच्या रस्त्याने दुसऱ्या गिअरमध्ये आम्ही सरकत राहिलो. आकडा पंचाहत्तरवरून चाळीसवर, चाळीसवरून बावीसवर आला. किलोमीटर चाललो दोन आणि आकडा उतरला पाचांनी, असे होऊ लागले. शेवटी आकडाच नाहीसा झाला आणि त्या जागी आडव्या रेघा उमटल्या. चोर्ला ओलांडून थोडे पुढे गेल्यावर गाडीने दोन आचके दिले, आणि ती थांबली. तेव्हा आठ वाजून वीस मिनिटे झाली होती.

त्या आकड्याचे मर्म आम्हांला पुढे समजले. तो भविष्य सांगत नाही, भूतकाळ सांगतो. गेल्या काही प्रवासात गाडीने लिटरला किती मजल मारली, त्याची सरासरी काढून ती उरलेल्या पेट्रोलला लावायची, एवढेच त्याचे गणित. पुढे घाट आहे, पाऊस आहे, झाड पडले आहे, हे त्याला कोठून ठाऊक असणार? गाडी जागच्या जागी उभी राहून तासाला लिटरभर पेट्रोल सहज पिते, आणि तेवढ्यात किलोमीटर एकही होत नाही. शिवाय टाकीतला तरंगता गोळा वेडावाकड्या तळाशी पोचला, की काट्यालाही नेमके कळेनासे होते. उतारावर उरलेले पेट्रोल एका कोपऱ्यात जाते आणि आतल्या पंपाच्या तोंडी हवा लागते. त्या पंपाला थंडावा मिळतो तोही भोवतालच्या पेट्रोलमुळेच. म्हणून टाकी वारंवार तळाला नेणे हे यंत्रालाही मानवत नाही. यात गाडीचा दोष काहीच नव्हता. तिने दिवा लावून तासभर आधी सांगितले होते.

घाटात फोनला रेंज नव्हती. पाऊण तासाने भाजीचा एक टेंपो थांबला. चालकाशेजारी एकाच माणसाची जागा होती. आम्ही आबांना म्हणालो, "तुम्ही पुढे जा." ते उतरलेही, पण टेंपोची पायरी उंच, आणि त्यांच्या गुडघ्यांना ती चढवेना. पावसात दोनदा प्रयत्न करून ते मागे सरले आणि म्हणाले, "तू जा. लवकर ये."

साखळीस पोचताच फोन जिवंत झाला. आतेभाऊ म्हणाला, "कुठे आहात? आई सारखी विचारते आहे, दादा आला का?" आमच्याजवळ पिण्याच्या पाण्याच्या दोन रिकाम्या बाटल्या होत्या. पंपावरच्या मुलाने मान हलविली. प्लॅस्टिकच्या बाटलीत पेट्रोल देण्यास मनाई आहे. आम्ही त्याच्यावर चिडलो, पण नियम योग्यच होता आणि तो पाळणारा मुलगाही योग्यच वागत होता. शेवटी जवळच्या एका गॅरेजवाल्याने दुकान उघडून पत्र्याचा डबा दिला, आणि स्वतःच्या मोटरसायकलवर आम्हांला मागे घेऊन घाट चढला. डबा मांडीवर धरून, भिजत, आम्ही मनाशी हिशेब करीत होतो. बर्था बेंझ बाईंना वाटेत औषधांचे दुकान सापडले होते. आम्ही तर वाटेतले पंप स्वतःच्या हाताने मागे टाकले होते.

पाण्याच्या बाटलीचा तळ कापून गॅरेजवाल्याने नरसाळे केले. पाच लिटर ओतल्यावर तो म्हणाला, "लगेच स्टार्ट मारू नका. किल्ली दोन-तीनदा नुसती ऑन करून थांबा, पंपाला प्रेशर धरू द्या." तिसऱ्या खेपेस गाडी सुरू झाली. त्याने पैसे फक्त पेट्रोलचे घेतले.

आम्ही डिचोलीस पोचलो तेव्हा साडेअकरा वाजले होते. आत्याचे डोळे मिटलेले होते. आतेभाऊ म्हणाला, "दहापर्यंत विचारीत होती." आबा तिच्या उशाशी बसले, तिचा हात हातात घेतला आणि तिला लहानपणीच्या नावाने हाक मारली. तिची बोटे किंचित हलली, असे आमच्या सौभाग्यवतींना वाटले. आत्या त्यानंतर तीन दिवस होती; पण तिची वाचा परत आली नाही.

झाडामुळे झालेला विलंब दैवाचा होता, त्यास कोणी काय करणार? परंतु झाड दूर झाल्यानंतर, गाडी थांबली नसती, तर सव्वानऊ-साडेनऊच्या सुमारास आम्ही आत्यापाशी असतो. तो अर्धा तास भाऊ-बहिणीचा होता, आणि तो आमच्यामुळे गेला. दोन माणसांना सत्तर वर्षांचे काय बोलायचे होते, ते आता कोणासच कळणार नाही.

आबा आम्हांला एका शब्दानेही बोलले नाहीत. त्या रात्री नाही, नंतरही नाही. ते रागावले असते तर बरे झाले असते, असे आम्हांला फार दिवस वाटत राहिले. आत्याचे दिवस उरकून बेळगावास परतताना आम्ही साखळीच्या पंपावर थांबलो. मुलगा म्हणाला, "सर, झिरो बघा." आम्ही शून्य पाहिले. यंत्र 'खट्' करून थांबले. आबांनी खिडकीतून हात बाहेर काढून त्या मुलाच्या हाती पैसे ठेवले आणि आमच्याकडे न पाहता म्हणाले, "तिच्या गावचे पेट्रोल आहे. जपून वापरू."

तेव्हापासून आमच्या गाडीचा काटा अर्ध्याखाली उतरत नाही. बेळगावात असो वा गोव्यात, भाव चार रुपये कमी असो वा जास्त, काटा मध्यावर आला की आम्ही पंपाकडे वळतो. वर्षाकाठी यात चार पैसे जास्तही जात असतील. आम्ही तो हिशेब ठेवीत नाही. आमचा मुलगा पूर्वी आबांची चेष्टा करी. यंदा तो अकरावीस आहे. परवा शिकवणीस निघताना त्याने आपल्या आईच्या स्कूटरचे आसन उचलून टाकीचे झाकण काढले, आत डोकावून पाहिले, आणि ओसरीवर बसलेल्या आबांना सांगितले, "आबा, अर्धी आहे. भरून आणतो."

आबा म्हणाले, "आण."